विशेष शिक्षकाची भूमिका आणि प्रशिक्षण : प्रदेशपरत्वे होणारे बदल
(नांदगाव तालुका व नाशिक जिल्ह्याच्या विशेष संदर्भात)

बीजसंज्ञा : विशेष शिक्षक, समावेशित शिक्षण, पुनर्वास परिषद, प्रवर्गनिहाय प्रशिक्षण, केंद्रशाळा, गृहाधारित शिक्षण

प्रस्तावना

‘विशेष शिक्षक’ हे पदनाम संपूर्ण देशात एकच आहे. त्यासाठी लागणारी पदविका वा पदवी देणारी मान्यताही एकाच परिषदेची आहे. परंतु मुंबईतील श्रवणबाधितांच्या शाळेत सहा-आठ मुलांच्या वर्गासमोर उभा असलेला विशेष शिक्षक आणि नांदगाव तालुक्यातील जातेगाव-बोलठाणच्या बाजूला एका शाळेतून दुसऱ्या शाळेत मोटारसायकलवर फिरणारा विशेष शिक्षक यांच्या दिनक्रमात फारच थोडे साम्य आढळते. पहिल्याकडे मूल येते, दुसऱ्याला मुलाकडे जावे लागते. पहिल्याच्या वर्गात एकाच प्रकारचे दिव्यांगत्व असलेली मुले असतात. दुसऱ्याच्या यादीत अंधत्वापासून मेंदूच्या पक्षाघातापर्यंत सर्व काही असते. प्रशिक्षण मात्र दोघांनाही जवळपास सारखेच मिळालेले असते.

प्रस्तुत लेखात या विसंगतीचा विचार केला आहे. विशेष शिक्षकाचे प्रशिक्षण प्रवर्गानुसार होते आणि ग्रामीण भागात त्याचे काम क्षेत्रानुसार वाटले जाते. या दोहोंचा मेळ न बसण्याची किंमत शहरात कमी, तालुक्याच्या गावात अधिक आणि दुर्गम वस्तीवर सर्वाधिक द्यावी लागते. २०२४ व २०२५ या दोन वर्षांत राज्य शासनाच्या व सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयांमुळे विशेष शिक्षकाच्या पदाला प्रथमच स्थैर्य येण्याची शक्यता निर्माण झाली आहे. म्हणूनच या प्रश्नाची चर्चा आता केवळ तात्त्विक राहिलेली नाही.

प्रवर्गनिहाय साचा कसा घडला

भारतातील विशेष शिक्षणाचा आरंभ संस्थांतून झाला आणि त्या संस्था एकेका प्रवर्गासाठी होत्या. मूकबधिरांसाठी मुंबईत १८८५ मध्ये, तर अंधांसाठी अमृतसर येथे १८८७ मध्ये शाळा निघाली. मुंबईतच अंधांसाठी १९०० मध्ये मिशनची शाळा व १९०२ मध्ये व्हिक्टोरिया मेमोरियल शाळा सुरू झाली. मतिमंद म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मुलांसाठी जय वकील शाळा १९४४ मध्ये निघाली, तर मेंदूच्या पक्षाघातग्रस्त मुलांसाठी स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया १९७२ मध्ये स्थापन झाली. शिक्षक तयार करण्याचे काम अशा शाळांच्या आवारातच होत असे. ज्या शाळेत जी मुले, त्या शाळेत त्या मुलांचा शिक्षक घडे. पुढे केंद्र शासनाने राष्ट्रीय संस्था उभारल्या त्याही प्रवर्गानुसारच. मुंबईत वांद्रे येथील अली यावर जंग संस्था श्रवणबाधितांसाठी १९८३ मध्ये, तर सिकंदराबाद येथील संस्था बौद्धिक अक्षमतेसाठी १९८४ मध्ये स्थापन झाली.

भारतीय पुनर्वास परिषद १९८६ मध्ये नोंदणीकृत संस्था म्हणून अस्तित्वात आली, १९९२ मध्ये तिचा कायदा झाला आणि १९९३ मध्ये तिला वैधानिक दर्जा मिळाला. परिषदेच्या केंद्रीय नोंदवहीत नाव असल्याशिवाय या क्षेत्रात व्यावसायिक म्हणून काम करणे हा कायद्याने गुन्हा ठरतो. एक वर्षापर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षेची तरतूद आहे. अप्रशिक्षित व्यक्तींनी दिव्यांग मुलांवर प्रयोग करू नयेत हा हेतू निःसंशय योग्य होता. तथापि या नोंदणीने प्रवर्गाचा साचा पक्का केला. दृष्टिबाधित, श्रवणबाधित, बौद्धिक अक्षमता, अध्ययन अक्षमता, स्वमग्नता, बहुविकलांगता अशा विशेषीकरणांपैकी एक निवडून शिक्षक पदविका वा पदवी घेतो आणि त्याच ओळखीने नोंदवहीत जातो.

येथे एका विस्मृत प्रयोगाची आठवण करून देणे आवश्यक आहे. अपंग मुलांच्या एकात्म शिक्षणाची केंद्रीय योजना १९७४ मध्ये सुरू झाली. प्रथम समाजकल्याण मंत्रालयाकडे असलेली ही योजना १९८२ मध्ये शिक्षण खात्याकडे आली. तिचाच एक पुढचा टप्पा म्हणून १९८७ मध्ये युनिसेफच्या साहाय्याने एकात्म शिक्षण प्रकल्प निवडक विकासगटांत राबविण्यात आला. सहभागी राज्यांत महाराष्ट्रही होता. या प्रकल्पाचे एकक शाळा नसून संपूर्ण विकासगट होता, आणि प्रशिक्षणाची रचना तीन पायऱ्यांची होती. गटातील सर्व शिक्षकांना काही दिवसांचे उद्बोधन, त्यांतील काहींना सहा आठवड्यांचे प्रशिक्षण आणि मोजक्या शिक्षकांना एक वर्षाचे बहुप्रवर्गीय प्रशिक्षण दिले जाई. एकच शिक्षक अनेक प्रकारच्या मुलांना उपयोगी पडावा, कारण गावात मुले प्रवर्गानुसार एकत्र राहत नाहीत, ही साधी गोष्ट त्या रचनेत गृहीत धरलेली होती. परिषदेची प्रवर्गनिहाय नोंदणी रूढ झाल्यावर हा बहुप्रवर्गीय शिक्षक मागे पडला. ग्रामीण भागाच्या दृष्टीने हे मोठेच नुकसान म्हटले पाहिजे.

दोन परिषदा, तीन विभाग

सामान्य शिक्षकाच्या प्रशिक्षणावर राष्ट्रीय अध्यापक शिक्षा परिषदेचे नियंत्रण असते आणि ती शिक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीत येते. विशेष शिक्षकाच्या प्रशिक्षणावर पुनर्वास परिषदेचे नियंत्रण असून ती सामाजिक न्याय मंत्रालयाच्या अखत्यारीत आहे. एकाच वर्गात एकाच मुलाला शिकविणारे हे दोघे दोन मंत्रालयांच्या दोन अभ्यासक्रमांतून येतात. २०१४ च्या नियमांनंतर सामान्य बी.एड. दोन वर्षांचे झाले व त्यात समावेशक शाळेविषयीचा एक अर्धा अभ्यासविषय आला. विशेष बी.एड. देखील २०१५ पासून दोन वर्षांचे झाले आणि त्यात आपल्या प्रवर्गाबाहेरील दिव्यांगत्वाची ओळख करून देणारा भाग वाढला. दोन्ही सुधारणा स्वागतार्हच आहेत. पण ओळख म्हणजे कौशल्य नव्हे. ब्रेलची सहा टिंबे फळ्यावर पाहिलेला शिक्षक ब्रेल शिकवू शकत नाही.

महाराष्ट्रात त्यात आणखी एक फाटा फुटतो. अनुदानित विशेष शाळा दीर्घकाळ समाजकल्याण व सामाजिक न्याय विभागाकडे होत्या, आणि डिसेंबर २०२२ मध्ये राज्याने स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग निर्माण केला. सर्वसामान्य शाळेतील समावेशित शिक्षण मात्र शालेय शिक्षण विभागाकडे, म्हणजे प्रत्यक्षात जिल्हा परिषद व पंचायत समितीकडे आहे. आश्रमशाळा आदिवासी विकास विभागाकडे. परिणामी विशेष शाळेतील शिक्षक वेतनश्रेणीत व त्याच पात्रतेचा गटसाधन केंद्रातील शिक्षक वर्षानुवर्षे अकरा-अकरा महिन्यांच्या करारावर, असे चित्र राज्याने पाहिले. अपंग, विशेष गरजा असणारे बालक, दिव्यांग अशी नावे बदलत गेली. नियुक्तीपत्रातील मुदत तशीच राहिली.

एका जिल्ह्यातील अनेक प्रदेश

‘प्रदेशपरत्वे भेद’ म्हटले की केरळ व बिहार, किंवा भारत व फिनलंड यांची तुलना डोळ्यांसमोर येते. पण नाशिक जिल्ह्याच्या हद्दीतच विशेष शिक्षकाच्या कामाचे किमान चार निराळे प्रकार संभवतात.

नाशिक शहरात संस्थांची परंपरा आहे. रजनीताई लिमये यांनी १९७७ मध्ये सुरू केलेली प्रबोधिनी विद्यामंदिर ही बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांची शाळा पालकाच्या गरजेतून उभी राहिली आणि पुढे कार्यशाळेपर्यंत विस्तारली. श्रवणबाधितांसाठी माई लेले श्रवण विकास विद्यालय आहे. राष्ट्रीय अंध संघटनेच्या, अर्थात ‘नॅब’च्या महाराष्ट्र शाखेचे केंद्रही याच शहरात आहे. अशा ठिकाणी विशेष शिक्षक हा खऱ्या अर्थाने विशेषज्ञ असतो. शेजारच्या वर्गात त्याच प्रवर्गाचा अनुभवी सहकारी असतो, वाचाउपचारतज्ज्ञ वा भौतिकोपचारतज्ज्ञ शहरात उपलब्ध असतो आणि पालक रोज दारात भेटतो. त्याच्या प्रशिक्षणात व कामात अंतर कमी राहते.

मालेगावात प्रश्न निराळा आहे. तेथील मोठी विद्यार्थिसंख्या उर्दू माध्यमाच्या शाळांत शिकते. वाचन-लेखनातील अक्षमता तपासण्याची साधने मराठी वा इंग्रजीत असतील, तर उर्दू लिपी उजवीकडून डावीकडे वाचणाऱ्या मुलाची चूक ही अक्षमतेची आहे की साधनाची, हे ठरविणे कठीण जाते. उर्दू जाणणारा, विशेष शिक्षणाची पात्रता असलेला आणि त्यातही योग्य विशेषीकरणाचा शिक्षक या तीन अटी एकत्र आल्या की उमेदवारांची संख्या फार कमी होते.

सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर या पश्चिम पट्ट्यात मूल बहुधा आश्रमशाळेत निवासी असते. तेथे विशेष शिक्षकाला पालक भेटतच नाही. भेटतो तो अधीक्षक. दिव्यांग मुलाला रात्री शौचास नेणे, कपडे धुणे, जेवणाच्या रांगेत उभे करणे हे सारे प्रश्न शिक्षणाच्या आधी येतात. शाळेच्या दैनंदिन प्रशासनावर शिक्षण विभागाचे नियंत्रण नसल्याने बाहेरून येणाऱ्या शिक्षकाच्या सूचनेला विनंतीपलीकडे वजन राहत नाही. वस्तुतः आदिवासी विकास आयुक्तालय नाशिक शहरातच असल्याने या समन्वयाचा प्रयोग याच जिल्ह्यात सर्वप्रथम व्हावयास हवा होता.

आणि चौथा प्रदेश म्हणजे नांदगाव.

नांदगाव तालुक्यातील काम

नांदगाव हा जिल्ह्याच्या पूर्व टोकाचा, अवर्षणप्रवण तालुका. एका बाजूस जळगाव जिल्ह्यातील चाळीसगाव, दुसऱ्या बाजूस छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील कन्नड व वैजापूर. म्हणजे खानदेश आणि मराठवाडा यांच्या सांध्यावरचा. मनमाडसारखे मोठे रेल्वे जंक्शन याच तालुक्यात आहे. नांदगाव व न्यायडोंगरी ही स्थानकेही मुंबई-भुसावळ लोहमार्गावर आहेत. पण लोहमार्गापासून दक्षिणेकडे सातमाळ्याच्या डोंगरांकडे वळले की प्रवासाचे गणित बदलते. जिल्ह्याचे ठिकाण सुमारे शंभर किलोमीटर दूर. घाटाकडील गावातील मुलाने रोज नाशिकच्या विशेष शाळेत जाऊन येणे शक्यच नाही. पालकांपुढे तीन पर्याय राहतात. मुलाला दूरच्या निवासी विशेष शाळेत ठेवणे, गावातील जिल्हा परिषद शाळेत घालणे किंवा घरीच ठेवणे. शेवटच्या दोन पर्यायांतील मुले ही गटसाधन केंद्रातील विशेष शिक्षकाची जबाबदारी होय.

या शिक्षकाच्या कामाचे स्वरूप थोडे सविस्तर पाहणे इष्ट ठरेल, कारण महाविद्यालयीन स्तरावर त्याची माहिती क्वचितच असते. शैक्षणिक वर्षाच्या आरंभी शाळाशाळांतून प्राथमिक चाळणी होते. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन परिषदेने २०२२ मध्ये ‘प्रशस्त’ ही तपासणी-सूची व उपयोजन आणल्यापासून पहिली नोंद वर्गशिक्षकाने करावी अशी अपेक्षा आहे. नोंदलेल्या मुलांना वैद्यकीय तपासणी व साहित्य-मोजमाप शिबिरापर्यंत नेणे, दिव्यांगत्व प्रमाणपत्र व वैश्विक ओळखपत्रासाठी पालकांची कागदपत्रे जमविणे, मदतनीस भत्ता, प्रवास भत्ता, मुलींचा प्रोत्साहन भत्ता यांसाठी बँक खाती जोडणे आणि यूडायस नोंदी जुळविणे ही कामे त्यानंतर येतात. समग्र शिक्षा योजनेत प्रतिबालक प्रतिवर्षी ३,५०० रुपयांपर्यंतची तरतूद आहे. तिचा प्रत्येक रुपया कागदावर दाखवावा लागतो. हे सर्व झाल्यावर उरलेल्या वेळात अध्यापन. तीव्र दिव्यांगत्वामुळे शाळेत येऊ न शकणाऱ्या मुलांसाठी गृहाधारित शिक्षणाच्या भेटीही याच वेळात बसवायच्या असतात.

समजा, एखाद्या शिक्षिकेचे विशेषीकरण श्रवणदोषाचे आहे. तिच्या यादीत एका गावात मेंदूच्या पक्षाघाताचे मूल आहे, पुढच्या गावात अल्पदृष्टी असलेली मुलगी, तिसऱ्या वस्तीवर स्वमग्न मुलगा. पहिल्याला कसे बसवावे म्हणजे त्याचा हात मोकळा होईल, हे तिच्या अभ्यासक्रमात एखाद्या प्रकरणापुरतेच होते. दुसरीला मोठ्या टायपाची पुस्तके हवीत की भिंग, हे तिला अनुभवाने शिकावे लागते. तिसऱ्यासाठी तिच्या हाती तिच्या वाचनाव्यतिरिक्त काहीच नसते. आणि ज्या श्रवणबाधित मुलासाठी ती खरोखर तज्ज्ञ आहे, ते मूल कदाचित शेजारच्या केंद्रात असते, जेथे बौद्धिक अक्षमतेचे विशेषीकरण असलेला दुसरा शिक्षक त्याच्याशी हातवाऱ्यांनी बोलण्याचा प्रयत्न करीत असतो. दोघेही पात्र, दोघेही नोंदणीकृत आणि दोघेही आपल्या विद्येपासून दूर.

भाषेचा मुद्दा या तालुक्यात विशेष महत्त्वाचा आहे. अनेक घरांत अहिराणी बोलली जाते, तांड्यांवर गोरमाटी. प्रमाण मराठीतील बुद्धिमापनाच्या व अध्ययन-अक्षमतेच्या कसोट्या अशा मुलाला लावल्या, तर घरची भाषा वेगळी असल्याचा परिणाम अक्षमतेच्या खात्यावर जमा होण्याचा धोका असतो. याच्या उलटही घडते. अध्ययन अक्षमतेचे निदान व बोर्डाच्या परीक्षेतील सवलती यांची व्यवस्था प्रथम मुंबईत, शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयासारख्या ठिकाणी रुजली. शहरी पालकाला ती ठाऊक झाली, तालुक्यातील मूल मात्र ‘अभ्यासात कच्चे’ म्हणूनच ओळखले जात राहिले. म्हणजे एकीकडे नसलेली अक्षमता चिकटते आणि दुसरीकडे असलेली दिसत नाही. स्थानिक बोली जाणणारा विशेष शिक्षक या दोन्ही चुका टाळू शकतो. परंतु विशेषीकरणाचा विचार करणाऱ्या नियुक्तीप्रक्रियेत बोलीचा विचार केला जात नाही.

स्थलांतर हा दुसरा स्थानिक घटक. तालुक्यातील अनेक कुटुंबे ऊसतोडीसाठी बाहेर पडतात. सर्वसाधारण मुलांसाठी हंगामी वसतिगृह व शिक्षण हमी पत्रक अशा उपाययोजना राज्याने केल्या. दिव्यांग मुलाच्या बाबतीत त्या अपुऱ्या पडतात, कारण आजी-आजोबांच्या किंवा हंगामी वसतिगृहाच्या भरवशावर ठेवता येणारे मूल हे बहुधा स्वतःचे स्वतः करू शकणारे मूल असते. ज्याला भरवावे लागते, ते आईबरोबर फडावर जाते.

चार हजार आठशे साठ

सर्व शिक्षा अभियानाच्या काळापासून राज्यातील समावेशित शिक्षणाचा भार प्रामुख्याने कंत्राटी विशेष शिक्षकांनी वाहिला. त्या काळी देशभर पात्र शिक्षकांचा तुटवडा भरून काढण्यासाठी ९० दिवसांचा पायाभूत अभ्यासक्रम व ४५ दिवसांचे प्रशिक्षण असे तोडगे निघाले. राज्याराज्यांनी ते आपापल्या सोयीने वापरले. राज्यांमधील दर्जाच्या तफावतीची मुळे बऱ्याच अंशी याच काळात आहेत.

या परिस्थितीला कलाटणी न्यायालयाने दिली. ‘रजनीश कुमार पांडेय विरुद्ध भारत सरकार’ या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २८ ऑक्टोबर २०२१ रोजी विशेष शिक्षकांची पदे निर्माण करून नियमित नियुक्त्या करण्याची दिशा दिली. त्यानंतर सप्टेंबर २०२२ मध्ये केंद्र शासनाने शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात बदल करून प्राथमिक स्तरावर दहा व उच्च प्राथमिक स्तरावर पंधरा विशेष गरजा असणाऱ्या मुलांमागे एक विशेष शिक्षक हे प्रमाण अधिसूचित केले. मार्च २०२५ मध्ये न्यायालयाने राज्यांना पदसंख्या जाहीर करण्याचे व दीर्घकाळ कंत्राटावर असलेल्या पात्र शिक्षकांचा छाननीद्वारे विचार करण्याचे आदेश दिले. महाराष्ट्र शासनाने तत्पूर्वीच, २०२४ मध्ये, प्रत्येक केंद्रशाळेच्या स्तरावर एक याप्रमाणे ४,८६० विशेष शिक्षकांची पदे निर्माण करण्याचा व कार्यरत सुमारे तीन हजार कंत्राटी शिक्षकांना त्यांत सामावून घेण्याचा निर्णय घेतला होता.

४,८६० हा आकडा कोठून आला, हे लक्षात घेण्यासारखे आहे. राज्यात १९९४ मध्ये केंद्रशाळा व केंद्रप्रमुख ही व्यवस्था निर्माण झाली, तेव्हाच्या केंद्रांची संख्या हीच होती. म्हणजे केंद्र शासनाचे प्रमाण मुलांच्या संख्येवर आधारलेले आहे, तर राज्याची पदरचना प्रशासकीय नकाशावर. २०११ च्या जनगणनेनुसार राज्यातील दिव्यांग व्यक्तींची संख्या सुमारे २९.६ लाख होती; त्या मुलामाणसांची वाटणी केंद्रांच्या हद्दीप्रमाणे समान झालेली नसते. मनमाड शहरातील केंद्र आणि घाटाकडील केंद्र यांना एकेकच शिक्षक मिळाला, तर पहिल्यात मुलांची गर्दी होईल आणि दुसऱ्यात अंतराची अडचण.

असे असूनही केंद्र हे एकक स्वीकारले, ही गोष्ट ग्रामीण भागाच्या हिताचीच आहे. दहा-पंधरा शाळांचा परिसर एका शिक्षकाच्या आवाक्यात येऊ शकतो. संपूर्ण तालुका कधीच येत नव्हता. उणीव एवढीच की पद क्षेत्रनिहाय झाले, पात्रता मात्र प्रवर्गनिहायच राहिली. १९८७ च्या प्रकल्पाने ज्या टोकापासून विचार केला होता, त्याच्या नेमक्या उलट टोकापासून राज्य आता त्याच जागी येऊन ठेपले आहे.

अन्य प्रांतांचा अनुभव

दिल्लीत उच्च न्यायालयाने २००९ मध्ये प्रत्येक शाळेत किमान दोन विशेष शिक्षक असावेत असा आदेश दिला आणि त्यातून विशेष शिक्षकांचे नियमित पद शाळेच्या शिक्षकवृंदातच निर्माण झाले. महानगरात एकेका शाळेची पटसंख्या मोठी असल्याने हे शक्य होते. दोन शिक्षकी जिल्हा परिषद शाळेला तो नमुना लागू पडत नाही. केरळने निराळी वाट धरली. वेंगानूर ग्रामपंचायतीत २००४ मध्ये पहिली ‘बड्स’ शाळा निघाली आणि पुढे कुटुंबश्रीच्या साहाय्याने स्थानिक स्वराज्य संस्थांनीच बौद्धिक अक्षमतेच्या मुलांसाठी अशा शाळांचे जाळे विणले. तेथे विशेष शिक्षक पंचायतीला उत्तरदायी असतो. महाराष्ट्रात ग्रामपंचायतींना दिव्यांगांसाठी स्वनिधीतील पाच टक्के रक्कम खर्च करावी लागते. हा निधी पुष्कळदा वस्तुवाटपात संपतो. शिक्षकाच्या भेटीसाठी एखादी खोली, एक चटई व एक कपाट राखून ठेवण्याकडे तो वळल्याचे क्वचितच दिसते.

परदेशांतही एकमत नाही. अमेरिकेत १९७५ च्या कायद्याने प्रत्येक दिव्यांग मुलासाठी वैयक्तिक शैक्षणिक कार्यक्रम बंधनकारक केला, परंतु शिक्षकाचा परवाना देण्याचा अधिकार राज्यांकडे राहिला. काही राज्ये प्रवर्गनिहाय परवाना देतात. कॅलिफोर्नियासारखे राज्य मुख्यतः मुलाला लागणारी मदत सौम्य-मध्यम आहे की व्यापक, या आधारावर देते. मुलाच्या व्याधीचे नाव विचारण्याऐवजी त्याला किती आधार हवा हे विचारणारी ही दुसरी पद्धत नांदगावसारख्या तालुक्याला अधिक जवळची आहे. इटलीने १९७७ मध्ये स्वतंत्र विशेष वर्ग मोडीत काढले आणि आधार-शिक्षक मुलाला न देता संपूर्ण वर्गाला दिला. त्यामुळे सामान्य शिक्षकाला ‘हे मूल माझे नाही’ असे म्हणण्याची सोय राहिली नाही. आपल्याकडे विशेष शिक्षक महिन्यातून एखाद-दोनदा येतो आणि उरलेले दिवस वर्गशिक्षकाचेच असतात. म्हणून इटलीतील ही तरतूद येथे अधिक विचारार्ह ठरते.

प्रशिक्षणात काय बदलता येईल

प्रवर्गनिहाय विशेषीकरण रद्द करावे, असा याचा अर्थ नाही. ब्रेल, सांकेतिक भाषा, श्रवणयंत्राची जोडणी ही सखोल कौशल्ये असून ती बहुप्रवर्गीय प्रशिक्षणात पातळ होतात. १९८७ च्या प्रकल्पातील शिक्षकांपुढेही ही मर्यादा असणारच. परंतु विशेषज्ञ आणि सर्वोपयोगी शिक्षक यांतून एकाचीच निवड करण्याचे कारण नाही. एका तालुक्यातील केंद्रस्तरीय शिक्षकांची नियुक्ती करताना सर्वजण एकाच विशेषीकरणाचे येणार नाहीत एवढी दक्षता जिल्हा परिषदेने घेतली, आणि महिन्यातील ठरावीक दिवस त्यांनी आपापल्या प्रवर्गासाठी एकमेकांच्या केंद्रांत जावे अशी व्यवस्था गटशिक्षणाधिकाऱ्यांनी केली, तर आहे त्या मनुष्यबळातच बराच फरक पडेल. श्रवणदोषाच्या शिक्षिकेला तिचे मूल मिळेल आणि त्या मुलाला त्याची भाषा. त्यासाठी प्रवास भत्त्याची तरतूद करावी लागेल, हे उघड आहे. ती नसेल तर वेळापत्रक भिंतीवरच राहील.

दुसरा प्रश्न सरावपाठांचा. विशेष बी.एड. वा पदविकेचा विद्यार्थी बहुधा शहरातील विशेष शाळेत सराव करतो. सुसज्ज वर्ग, शैक्षणिक साधने, सवयीची झालेली मुले यांत त्याची छात्रसेवा पार पडते. नंतर नोकरी मात्र मिळते ती गटसाधन केंद्रात. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाने नाशिकमधून दूरशिक्षणाने विशेष बी.एड.चा शिक्षणक्रम चालविला आहे; त्याचा लाभ असा की सेवेत असलेला ग्रामीण शिक्षक गाव न सोडता पात्रता मिळवू शकतो. अशा अभ्यासक्रमांत छात्रसेवेतील काही आठवडे ग्रामीण केंद्रात, फिरत्या शिक्षकाबरोबर आणि गृहाधारित भेटींसह पूर्ण करणे अनिवार्य केले पाहिजे. सामान्य बी.एड. व डी.एल.एड. महाविद्यालयांनाही यात वाटा उचलता येईल. नांदगाव, मनमाड, मालेगाव परिसरातील महाविद्यालयांच्या छात्राध्यापकांनी केंद्रातील विशेष शिक्षकासमवेत चार-सहा भेटी दिल्या, तर समावेशक शाळेवरील तो अर्धा अभ्यासविषय प्रश्नपत्रिकेतून बाहेर पडेल. पुनर्वास परिषदेने २०२१ मध्ये सुरू केलेला समाजाधारित समावेशक विकासाचा सहा महिन्यांचा अभ्यासक्रम पूर्ण करणारे ‘दिव्यांग मित्र’ कागदपत्रांचे व शिबिरांचे काम उचलू शकतात. तसे झाल्यास पदवीधर विशेष शिक्षकाचा वेळ अध्यापनाकडे वळेल.

राहता राहिला वेळापत्रकाचा मुद्दा, जो कोणत्याही राष्ट्रीय अभ्यासक्रमात येऊ शकणार नाही. वैयक्तिक शैक्षणिक आराखडा वर्षाचा असतो आणि तो जून-जुलैत तयार होतो. नांदगावातून ऊसतोडीला जाणाऱ्या टोळ्या दसरा-दिवाळीच्या सुमारास गाव सोडतात आणि कारखान्याचा पट्टा पडल्यावर मार्च-एप्रिलमध्ये परततात. फडावर जाणाऱ्या मुलासाठी तो आराखडा प्रत्यक्षात चार महिन्यांचाच असतो. या चार महिन्यांत अक्षरांवर भर द्यावा, की पालवर आईला एकटीने सांभाळता येईल अशा रीतीने बसणे, खाणे व मागणे या गोष्टी आधी पक्क्या कराव्यात, याचा निर्णय त्या शिक्षिकेला जुलै महिन्यातच, आईच्या समक्ष, घ्यावा लागतो.